पेशींची कुजबुज ऐकायची आहे? सेल सिग्नलिंगमध्ये पाऊल टाकणाऱ्यांसाठी

दरवर्षी मे महिन्यात आमच्या लॅबमध्ये दोन-तीन उन्हाळी विद्यार्थी येतात. कुणी साताऱ्याचं, कुणी लातूरचं, एखादी फोंड्याची. पहिल्या दिवशी मी त्यांना फळ्यावर एखादा सिग्नलिंग पाथवे, म्हणजे पेशीत निरोप एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जाण्याची वाट, काढायला सांगते. ईजीएफ या वाढीच्या निरोप्याला पकडणारा ईजीएफ रिसेप्टर, मग रास, राफ, मेक, अर्क ही प्रथिनांची माळ बहुतेक जण न अडखळता काढतात, बाणांची टोकंसुद्धा बरोबर. मग मी विचारते, "पेशींवर ईजीएफ टाकल्यापासून अर्क जागा व्हायला किती वेळ लागतो?" शांतता. एक जण म्हणतो तासभर, दुसरी म्हणते एक दिवस. खरं उत्तर पाच-दहा मिनिटं. तासाभराने पाहायला गेलात तर पुष्कळदा गाडी स्टेशन सोडून गेलेली असते.

(हो, ERK चा उच्चार अर्कच. आणि पेशी फोडून जो द्रव मिळतो तोही मराठीत अर्कच. "अर्कात अर्क दिसत नाही" हे वाक्य आमच्याकडे गंभीरपणे बोललं जातं.)

पाठ केलेला पाथवे आणि प्रत्यक्ष प्रयोग यांच्यामध्ये तीन प्रश्न उभे असतात: कधी, किती, आणि कशाच्या तुलनेत. या क्षेत्रात येणाऱ्याने काय करावं हे मी खाली टप्प्याटप्प्याने लिहिते आहे, पण सगळ्यांच्या तळाशी हे तीनच प्रश्न आहेत.

आधी हे काम आहे तरी काय

तुमच्या घरात कुणाला तरी मधुमेह असेल, तिथूनच सुरुवात करू. जेवणानंतर रक्तात इन्सुलिन वाढतं. ते स्नायूच्या पेशीत शिरत नाही, बाहेरच्या रिसेप्टरवर बसतं. रिसेप्टर आतल्या प्रथिनाला खूण करतो, ते पुढच्याला, असं करत करत पेशीच्या आत साठवून ठेवलेली ग्लुट-४ नावाची साखरेची दारं पृष्ठभागावर येतात आणि साखर आत जाते. टाइप-२ मधुमेहात निरोप्या दारात येतो, ओरडतो, पण आत त्याचं नीट ऐकलं जात नाही. निरोप कुठल्या खोलीत अडला हे शोधणं म्हणजे सेल सिग्नलिंगचा अभ्यास.

उलटंही होतं. कॉलऱ्याच्या जंतूचं विष आतड्याच्या पेशीतलं जी-प्रोटीन नावाचं बटण 'चालू' स्थितीत अडकवून ठेवतं. पेशी क्षार बाहेर टाकत राहते, मागोमाग पाणी जातं, आणि माणूस काही तासांत सुकतो. हे विष असतं हे शंभू नाथ डे यांनी १९५९ मध्ये कोलकात्यात दाखवलं, तेही सशाच्या आतड्याचे तुकडे बांधून केलेल्या अगदी साध्या प्रयोगातून.

पेशीतली खूण बहुतेक वेळा फॉस्फेटची असते. एक प्रथिन दुसऱ्यावर फॉस्फेट चिकटवतं, तिसरं ते काढून टाकतं. एडविन क्रेब्स आणि एडमंड फिशर यांनी १९५० च्या दशकात स्नायूंतल्या एका एन्झाइमवर हे पाहिलं; नोबेल मिळालं १९९२ मध्ये. फॉस्फेट चिकटवणाऱ्या प्रथिनांना कायनेज म्हणतात. २००२ मध्ये मानवी जनुकसंचातली त्यांची यादी झाली, ती ५१८ ची.

आजाराशी याचं नातं किती घट्ट आहे आणि ते उलगडायला किती वेळ लागतो, यासाठी एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगाची गोष्ट माहीत हवीच. १९६० मध्ये फिलाडेल्फियात या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसलं. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं की ९ आणि २२ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली आहे. त्या जोडावर बीसीआर-एबीएल नावाचं कायनेज तयार होतं आणि ते बंदच होत नाही. त्याच्या खाचेत बसून त्याला गप्प करणारं इमॅटिनिब हे औषध अमेरिकेत मंजूर झालं २००१ मध्ये. म्हणजे सूक्ष्मदर्शकातल्या निरीक्षणापासून गोळीपर्यंत ४१ वर्षं. भारतात तर पुढे त्याच्या पेटंटचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १ एप्रिल २०१३ ला कंपनीचा दावा फेटाळला गेला, म्हणून इथे हे औषध स्वस्तात मिळत राहिलं. "माझ्या संशोधनातून दोन वर्षांत औषध निघेल" असं मुलाखतीत सांगणाऱ्यांनी ही ४१ वर्षं लक्षात ठेवावीत.

आणि रोजचं काम? दिवसाचे पाच-सहा तास रंग नसलेले थेंब एका नळीतून दुसऱ्या नळीत टाकायचे. लेबल लावायची. वाट पाहायची. पुन्हा करायचं. यात ज्याला मुळीच रस वाटत नाही त्याने ते लवकर ओळखलेलं बरं. त्यात कमीपणा काही नाही.

बारावीपासून एमएस्सीपर्यंत

हा भाग मी झटकन उरकते, कारण इथे वाटा अनेक आहेत आणि कुठलीच एकमेव बरोबर नाही.

बारावीनंतर आयसर संस्थांची आयएटी परीक्षा देऊन पाच वर्षांचा बीएस-एमएस करता येतो. पुण्याचं आयसर २००६ पासून आहे. नेस्ट ही परीक्षा भुवनेश्वरच्या नायसर आणि मुंबईच्या कलिना इथल्या सीईबीएस या दोन संस्थांसाठी. पण बहुतेक मराठी मुलं तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कॉलेजात बीएस्सी करतात, मीही तशीच. मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी, झूलॉजी, केमिस्ट्री, काहीही चालतं. माझं प्रांजळ मत विचाराल तर केमिस्ट्रीकडे पाठ फिरवू नका. बफर करताना मोलॅरिटी हातांना यावी लागते, आणि पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी पाहिलेल्या निम्म्या चुका मोलॅरिटीच्याच होत्या. गणितही अगदी सोडू नका. थोडं संख्याशास्त्र पुढे फार उपयोगी पडतं.

एमएस्सीसाठी आयआयटी जॅम आणि गॅट-बी या दोन परीक्षा पाहा. गॅट-बीमधून केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने चालणाऱ्या अभ्यासक्रमांना प्रवेश मिळतो. एमएस्सीला नाव मोठं की प्रोजेक्ट मोठा, असा प्रश्न आला तर मी प्रोजेक्ट निवडेन. सहा महिने खऱ्या लॅबमध्ये काढलेला मुलगा आणि 'प्रोजेक्ट' म्हणून नुसता साहित्याचा आढावा लिहिलेला मुलगा यांच्यातला फरक मुलाखतीत पाच मिनिटांत कळतो.

उन्हाळा वाया घालवू नका

लहान कॉलेजातल्या मुलांसाठी सगळ्यांत महत्त्वाचं दार हे आहे. बंगळूरु, नवी दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तिन्ही विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. साधारण दोन महिने, देशातल्या एखाद्या शास्त्रज्ञाच्या लॅबमध्ये, विद्यावेतनासह. अर्ज उन्हाळ्याच्या कितीतरी आधी, बहुधा आदल्या वर्षाच्या शेवटी मागवतात. एप्रिलमध्ये जागे होणाऱ्यांचं वर्ष जातं. अर्जासोबत तुम्हाला काय करायचंय हे थोडक्यात लिहावं लागतं आणि शिक्षकाचं शिफारसपत्रही लागतं. ते लिहिताना "मला कर्करोगावर संशोधन करायचं आहे" असं लिहू नका, ते सगळेच लिहितात. "इन्सुलिन दिल्यावर एकेटी नावाचं प्रथिन जागं होतं असं वाचलं, मग ते पुन्हा झोपतं कसं, हे मला समजून घ्यायचं आहे" असं लिहा. लहान प्रश्न विचारणारा मुलगा वाचून आलाय हे दिसतं.

शिफारसपत्रासाठी सर किंवा मॅडमकडे शेवटच्या दिवशी जाऊ नका. तुमचे गुण, वाचलेलं, केलेलं प्रॅक्टिकल असं अर्धं पान लिहून त्यांच्या हातात द्या. कॉलेजच्या शिक्षकांना वीस पत्रं लिहायची असतात. त्यांनाही मदत होते.

उन्हाळी लॅबमध्ये काही 'शोध' लागत नाही. लागण्याची अपेक्षाही नसते. पिपेट धरायला शिका, वहीत तारीख घालून लिहायला शिका, आणि जर्नल क्लबला, म्हणजे सगळे मिळून एखादा पेपर वाचतात त्या बैठकीला, गप्प बसून का होईना, पण बसा. मला पहिल्या जर्नल क्लबमध्ये एक वाक्य कळलं नव्हतं. आठव्याला निम्मं कळलं.

नेट, मुलाखती आणि जागा

पीएचडीसाठी फेलोशिप मिळवायची नेहमीची वाट म्हणजे सीएसआयआर-यूजीसी नेट. लाइफ सायन्सेसच्या पेपरात १४५ प्रश्न असतात, त्यातले ७५ सोडवायचे, एकूण २०० गुण, वेळ तीन तास. शेवटच्या विभागात ७५ पैकी २५ प्रश्न निवडायचे, प्रत्येकी ४ गुणांचे, आणि चुकलं की गुण कापतात. खरी परीक्षा कोणते २५ निवडता याचीच आहे. अभ्यासक्रमातलं चौथं युनिट पेशींच्या संवादाचं आणि सिग्नलिंगचं. कर्करोग आणि प्रतिकारशक्तीही त्यातच येते. म्हणजे तुमच्या आवडीचा विषय तिथे आहेच. पण नुसत्या आवडीच्या युनिटवर कुणी जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलो) होत नाही.

नेटशिवाय जैवतंत्रज्ञान विभागाची बीईटी, आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची जेआरएफ परीक्षा, आणि टीआयएफआर व बंगळूरुच्या एनसीबीएससाठीची जीबिल्स आहे. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियल सेंटरच्या संशोधन विभागात, कर्करोगाच्या सिग्नलिंगवर काम करणाऱ्या लॅब आहेत आणि त्यांची प्रवेशप्रक्रिया वेगळी असते. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस ही पेशीविज्ञानाची संस्था आहे, पाषाणला आयसर, मुंबईत टीआयएफआर आणि आयआयटी. हैदराबादचं सीसीएमबीही रात्रीच्या एका गाडीच्या अंतरावर. नियम, वयाच्या अटी, तारखा दरवर्षी थोड्या हलतात. त्या कुणा दादाच्या व्हॉट्सॲपवरून न घेता त्या वर्षीच्या जाहिरातीतून वाचा.

मुलाखतीत काय विचारतात? बहुतेक वेळ तुमच्या एमएस्सी प्रोजेक्टवरच जातो. "हा बँड (प्रथिनाची दिसणारी रेघ) गडद झाला म्हणजे प्रथिन वाढलं, हे कशावरून?" "कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नमुना, काय होता?" "हाच प्रयोग उलट बाजूने कसा तपासाल?" इथे "माहीत नाही, पण असं करून पाहीन" हे उत्तर गोलमोल बोलण्यापेक्षा नेहमी जास्त गुण मिळवतं. मी आता टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते, म्हणून हे छातीठोकपणे सांगते.

गाइड निवडताना

विषयापेक्षा गाइड महत्त्वाचा. हे मत सगळ्यांना पटत नाही, तरी मी बदललेलं नाही. नॉच या पाथवेवर काम करायचं ठरवून आलेली मुलगी व्हिंट या दुसऱ्याच पाथवेवर पाच वर्षं आनंदाने काम करू शकते. पण विद्यार्थ्यांशी नीट न बोलणाऱ्या गाइडकडे आवडीचा पाथवेसुद्धा कडू होतो.

लॅबला जॉइन होण्याआधी तिथल्या विद्यार्थ्यांना कॅन्टीनमध्ये गाठा. लॅबमध्ये नाही, तिथे सगळे छानच बोलतात. चहा घेताना विचारा: मागच्या तीन पीएचडी किती वर्षांत झाल्या? त्या व्यक्ती आता कुठे आहेत? पेपरवर पहिलं नाव कुणाचं लागतं हे कधी ठरतं, काम सुरू होताना की शेवटी? गाइडशी आठवड्यातून किती वेळा बोलणं होतं? सुट्टी मागताना भीती वाटते का? कुणी अर्ध्यावर सोडून गेलं असेल तर का, हेही विचारा. उत्तर द्यायच्या आधी दोघे एकमेकांकडे पाहू लागले, तर ते पाहणं हेच उत्तर.

मोठ्या लॅबमध्ये उपकरणं असतात, पैसा असतो, पण तुम्हाला शिकवणारा बहुधा सीनियरच असतो. नव्या गाइडच्या लहान लॅबमध्ये पहिल्या दिवसापासून गाइड शेजारी उभा असतो, फक्त सेन्ट्रिफ्यूज कधीकधी शेजारच्या लॅबचा वापरावा लागतो. पहिलटकरणीने कुठे जावं? मी लहान लॅबच्या बाजूने आहे, पण गाइडकडे पुढच्या तीन-चार वर्षांचा निधी आहे ना, एवढं विचारून घ्या. हा प्रश्न उद्धट नाही.

पहिले सहा महिने: हात बसवणं

आता खरा मुद्दा. सेल सिग्नलिंगमध्ये सुरुवातीला दोन गोष्टी हातांना यायला लागतात: पेशी जगवणं आणि ब्लॉट (प्रथिनं जेलमध्ये वेगळी करून, पडद्यावर उतरवून अँटिबॉडीने ओळखणं).

पेशी ३७ अंशांवर, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये, गुलाबी मीडियममध्ये वाढतात. मीडियम पिवळं पडलं की आम्ल वाढलंय, पेशी गच्च झाल्यात किंवा काहीतरी घुसलंय. सकाळी आल्याआल्या इन्क्युबेटर उघडून रंग पाहायचा, मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं, मगच चहा. पेशी किती वेळा पास केल्या, म्हणजे नव्या फ्लास्कमध्ये वाटून लावल्या, याचा आकडा फ्लास्कवर लिहायचा. फार जुन्या झालेल्या पेशी वेगळ्या वागू लागतात.

भारतात पेशींच्या जाती बहुधा पुण्याच्या एनसीसीएसमधल्या संग्रहातून मागवतात. शेजारच्या लॅबमधून "थोड्या दे ना" म्हणून आणू नका, आणल्या तर तपासून घ्या. ही भीती काल्पनिक नाही. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून, त्यांना न विचारता घेतलेल्या हेला पेशी इतक्या जोमाने वाढतात की त्यांनी जगभरच्या फ्लास्कमध्ये शिरकाव केला. स्टॅन्ली गार्टलर यांनी १९६६ मध्ये दाखवलं की वेगवेगळ्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या कितीतरी पेशी प्रत्यक्षात हेलाच होत्या. हेला ज्यांच्या लॅबमध्ये वाढल्या त्या जॉर्ज गाय यांच्याकडे आपल्या कमल रणदिवे शिकून आल्या होत्या. पुण्यात १९१७ मध्ये जन्मलेल्या, फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या कमलताईंनी परतल्यावर मुंबईत परळच्या कर्करोग संशोधन केंद्रात टिश्यू कल्चरची लॅब उभी केली. आज तुम्ही हूडसमोर (निर्जंतुक हवेच्या पेटीसमोर) बसून फ्लास्क उघडता त्या कामाची इथली सुरुवात तिथली आहे.

दुसरा चोर मायकोप्लाझ्मा. हा जिवाणू मीडियम गढूळ करत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही, आणि त्याला पेशीभित्तिकाच नसल्याने पेनिसिलिन त्याचं काही करू शकत नाही. पेशी जिवंत राहतात, फक्त खोटं बोलू लागतात. पहिल्या वर्षी मी तीन महिने घालवून एका कायनेजचा फार सुंदर आलेख मिळवला होता. आईला फोनवर सांगूनही झालं होतं. मग सीनियरने सहज तपासणी केली आणि माझे सगळे फ्लास्क मायकोप्लाझ्माने भरलेले निघाले. तीन महिन्यांचे ब्लॉट एका खोक्यात भरून कपाटावर ठेवले. ते खोकं मी लॅब सोडेपर्यंत तिथेच होतं. तेव्हापासून महिन्याला एकदा पीसीआरने तपासणी, कितीही घाई असली तरी.

आता ब्लॉट. सुरुवातीला दिलेला प्रश्न प्रयोगात उतरवू: ईजीएफ दिल्यावर अर्क कधी जागा होतो?

आदल्या रात्री पेशींना सीरमशिवाय ठेवा, कारण सीरममध्ये आधीच वाढीचे घटक असतात आणि त्या गोंगाटात तुमचा निरोप ऐकू येणार नाही. दुसऱ्या दिवशी ईजीएफ द्या आणि ०, ५, १५, ३०, ६० मिनिटांनी थांबवा. इथे सगळेच एक चूक करतात: सगळ्या डिशमध्ये एकदम ईजीएफ टाकतात आणि मग एकेक उचलायला धावतात. उलटं करा. ६० मिनिटांच्या डिशमध्ये आधी टाका, ५ वालीत शेवटी, म्हणजे सगळ्या एकाच वेळी थांबतात. घड्याळ आणि वेळापत्रक कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. नळ्या, बफर, बर्फ, सगळं आधी तयार.

थांबवायचं म्हणजे डिश थेट बर्फावर. पेशी फोडायच्या बफरमध्ये फॉस्फेट काढून टाकणारी एन्झाइम्स अडवणारी औषधं असलीच पाहिजेत, नाहीतर तुम्ही नळी हातात धरून गप्पा मारेपर्यंत खुणा पुसल्या जातात. ऑर्थोव्हॅनाडेट त्यातलंच एक. ते नुसतं विरघळवून चालत नाही. पीएच १० ला आणलं की पिवळं होतं. रंग जाईपर्यंत उकळायचं, थंड करून पुन्हा पीएच पाहायचा, पुन्हा पिवळं झालं तर पुन्हा उकळायचं. कंटाळून हा टप्पा गाळणारे पुढे दोन महिने "फॉस्फो बँडच येत नाही" म्हणून रडतात.

जेलमधून पडद्यावर प्रथिनं उतरवताना जेल ऋण बाजूला, पडदा धन बाजूला. उलटं लावलंत तर सगळी प्रथिनं बफरमध्ये वाहून जातात. हे प्रत्येकाच्या हातून एकदा होतंच; दुसऱ्यांदा झालं की सीनियर नाव ठेवतात. मध्ये बुडबुडा राहिला तर तिथे पांढरं वर्तुळ दिसतं, म्हणून परीक्षानळी लाटण्यासारखी फिरवून हवा काढायची. पडद्यावर पॉन्सो नावाचा तांबडा रंग टाकून प्रथिनं आलीत का ते पाहा, मगच महागडी अँटिबॉडी. फॉस्फेटची खूण ओळखणारी अँटिबॉडी वापरताना पडदा दुधात बुडवायच्या ऐवजी बहुधा बीएसएमध्ये (गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनात) बुडवतात, कारण दुधातलं केसीन हे स्वतःच फॉस्फेट असलेलं प्रथिन आहे. पडदा काळा पडतो तो त्यामुळेही असू शकतो.

शेवटी ४२ आणि ४४ किलोडाल्टनला दोन रेघा दिसतील. शून्यावर फिकट, पाचवर गडद, पुढे हळूहळू उतरत्या. सुंदर. पण एवढ्यावर काही म्हणू नका. त्याच नमुन्यातला एकूण अर्क, म्हणजे फॉस्फेट असलेलं-नसलेलं सगळं अर्क प्रथिन, पाहा. तो प्रत्येक लेनमध्ये सारखा आहे का? प्रत्येक लेनमध्ये सारखं असायला हवं ते ॲक्टिन हे प्रथिन सारखं आहे का? मेकला अडवणारं औषध दिलेल्या डिशमध्ये रेघ गायब झाली का? औषध ज्यात विरघळवलं त्या नुसत्या द्रावकाने काही झालं नाही ना? हाच प्रयोग वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या पास झालेल्या पेशींवर किमान तीनदा. पेशी फोडून मिळालेल्या एकाच द्रवाचे तीन ब्लॉट म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. ती एकच गोष्ट तीनदा मोजली. बँडची तीव्रता मोजायला इमेजजे मोफत आहे, पण जळून गेलेल्या काळ्याकुट्ट बँडचा आकडा काढून उपयोग नाही. आणि मूळ, न कापलेलं छायाचित्र कायम जपून ठेवा. नियतकालिकं ते मागतात, मागायलाच हवं.

चुका आणि शोध यांचं नातं या विषयात मजेदार आहे, म्हणून हे एक सांगून पुढे जाते. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये टोनी हंटर फॉस्फेट असलेली अमिनो आम्लं वेगळी करत होते. बफर ताजं केलं नव्हतं, जुनंच वापरलं. त्याचा पीएच १.९ वरून १.७ पर्यंत उतरला होता, आणि तेवढ्याने एरवी एकमेकांवर पडणारे दोन ठिपके वेगळे झाले. त्यातून कळलं की टायरोसीन या अमिनो आम्लावरही फॉस्फेट बसतं. इमॅटिनिब ज्याला गप्प करतं ते कायनेज टायरोसीनवरच खूण करणारं. पण यातून "जुनं बफर चालतं" असा अर्थ काढू नका. हंटर यांना दोन ठिपके का वेगळे झाले हे मागे जाऊन शोधता आलं, कारण आपण काय वापरलं होतं हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. तुमच्या वहीत बफरची तारीख आहे का?

फ्लास्कपासून रुग्णापर्यंत

आजारावर काम म्हणजे कधीतरी रुग्णाचा नमुना हातात येणार. त्याआधी संस्थेच्या नीतिमत्ता समितीची परवानगी आणि रुग्णाची लेखी संमती, तीही त्याला समजणाऱ्या भाषेत. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं एकदा पूर्ण वाचा. प्राण्यांवरच्या कामाची समिती वेगळी, जनुकबदल केलेल्या पेशींसाठी जैवसुरक्षा समिती वेगळी. परवानग्यांना महिने लागतात. अर्ज पहिल्याच वर्षी टाका.

सर्जनशी मैत्री ठेवा. शस्त्रक्रियेनंतर तुकडा किती मिनिटं ट्रेमध्ये पडून होता, यावर त्यातल्या फॉस्फेटच्या खुणा शिल्लक आहेत की नाहीत हे ठरतं. ही माहिती फक्त थिएटरमधली सिस्टर देऊ शकते. तिच्या हातात नळी, बर्फाचा डबा आणि घड्याळ द्या, आणि का ते समजावून सांगा.

संगणकाकडेही वळावं लागेल. आर किंवा पायथन, दोन्हीतलं एक. सगळं शिकायची गरज नाही. स्वतःचा आलेख स्वतः काढता आला आणि दुसऱ्याने केलेलं विश्लेषण वाचून शंका विचारता आली, तरी खूप झालं.

पैसा, वय आणि घरचे

जानेवारी २०२३ पासून जेआरएफ महिना ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी एसआरएफ ४२,००० रुपये, वर घरभाडं. एकूण पाच वर्षं. मात्र हे पैसे दर महिन्याच्या एक तारखेला येतील असं धरून चालू नका. चार-पाच महिन्यांचे एकदम आलेले मी पाहिलेत. पहिल्या वर्षीच तीन महिन्यांचा खर्च बाजूला टाकायची सवय लावा. खोली घेताना लॅबपासून चालत जाता येईल अशी घ्या, रात्री अकराला मीडियम बदलायला जावं लागतं.

पीएचडीला पाच-सहा वर्षं लागतात, नंतर पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम) तीन-चार. तोवर बीई झालेल्या चुलतभावाने फ्लॅट घेतलेला असतो. घरचे विचारतात, "अजून शिकतेयस?" याला माझ्याकडे चतुर उत्तर नाही. मी एकदा बाबांना लॅबमध्ये आणून सूक्ष्मदर्शकातून पेशी दाखवल्या. ते बराच वेळ पाहत राहिले. नंतर त्यांनी नातेवाइकांना काय सांगितलं माहीत नाही, पण प्रश्न कमी झाले.

पीएचडीनंतर सगळेच प्राध्यापक होत नाहीत, आणि ते अपयश नव्हे. औषध कंपन्यांचे संशोधन विभाग आहेत, हैदराबाद-बंगळूरुत कंत्राटी संशोधन करणाऱ्या कंपन्या आहेत, पेटंट एजंटची परीक्षा विज्ञान पदवीवर देता येते, वैद्यकीय लेखन आहे. कॉलेजात शिकवायचं असेल तर नेट किंवा महाराष्ट्र-गोव्यासाठीची सेट. परदेशी जायचं असेल तर अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी एमएस्सी नसतानाही पीएचडीला थेट घेतात आणि फीसह विद्यावेतन देतात; युरोपात बहुधा एमएस्सी लागते. परत येणाऱ्यांसाठी रामलिंगस्वामी फेलोशिप आणि इंडिया अलायन्सच्या फेलोशिप आहेत. परतायचं असेल तर परदेशात असतानाच इथल्या लोकांशी पत्रव्यवहार चालू ठेवा.

पहिली मेल

सगळं वाचून झाल्यावर करायचं काम एकच: एका लॅबला मेल. "आदरणीय सर, मी आपल्या कामाने प्रभावित झालो आहे" या वाक्याने सुरू होणाऱ्या, एकाच वेळी चाळीस जणांना पाठवलेल्या मेल आम्ही उघडून लगेच मिटतो. त्या लॅबचा अलीकडचा एक पेपर घ्या. त्यातली एकच आकृती नीट समजून घ्या, त्याला दोन आठवडे लागले तरी चालेल. मग पाच-सहा ओळी लिहा: तुम्ही कोण, कुठे शिकता, त्या आकृतीत काय कळलं, काय कळलं नाही, किती काळासाठी यायचंय आणि कधीपासून. गुणपत्रक आणि एका पानाचा बायोडेटा जोडा. मेल एकालाच, नाव बरोबर लिहून. सर की मॅडम तेही पाहून घ्या. मला दर महिन्याला दोन-तीन "डिअर सर" येतात.

दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करून द्या. तरीही आलं नाही तर पुढच्या लॅबचा पेपर उघडा. आणि उत्तर आलं, बोलावणं आलं, तर जाताना स्वतःची वही आणि पातळ टोकाचा पर्मनंट मार्कर घेऊन जा. प्रत्येक लॅबमध्ये मार्कर कमीच असतात.